उर्गुपच्या पत्राचं दुसरं पान

चिंचवड,
११ मार्च १९५९, सकाळ

प्रिय सयाजी,

पोस्ट उघडायला अजून तासभर आहे आणि मी पोस्टाच्याच ओट्यावर बसून हे लिहितो आहे. कागद मांडीवर आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं कार्तिकातलं पत्र मिळून चार महिने होत आले. मी उत्तर दिलं नाही, म्हणून संक्रांतीच्या सुमारास तू मंजुळेला लिहून विचारलंस, की तुझा नवरा आजारी आहे की मंत्री झाला. दोन्ही नाही. तुला लिहिण्यासारखं तोंड माझ्याजवळ नव्हतं, एवढंच. तू तुझ्या दादा-वहिनींची खुशाली विचारली आहेस. दोघांची प्रकृती धडधाकट आहे. त्यांच्याविषयी लिहायचंच आहे, पण त्याच्याआधी बरंच सांगावं लागेल आणि ते क्रमानेच सांगायला हवं. सभेत उभा राहिलो की मला शब्द शोधावे लागत नाहीत. आज लागताहेत.

तू गेलास तेव्हाची पिंपरी आता तुला ओळखता येणार नाही. स्टेशनावरून औषधाच्या कारखान्याचं धुराडं दिसायचं आणि आपण त्याकडे बोट दाखवून म्हणायचो, हे बघ नवं देऊळ. आता त्या देवळाला शेजार मिळतो आहे. माळावर मोजणीच्या साखळ्या फिरतात, चिखलीच्या ज्वारीत लाल निशाणं रोवलेली दिसतात आणि चाकणच्या रस्त्यावर खडीच्या गाड्यांची रांग मोडत नाही. ती सगळी खडी तांबड्या कड्याची. ज्या खाणीत गेनबांनी, तुझ्या वडिलांनी, वीस वर्षं घण मारला आणि शेवटी छातीत धूळ भरून डोळे मिटले, त्याच खाणीची. तू कडा सोडून शिकायला गेलास तेव्हा तिथं दहा-बारा कपारी होत्या. आज एकेचाळीस आहेत. बीडकडून, उस्मानाबादकडून, कर्जत-जामखेडकडून माणसं आली, खाणीवर कामाला लागली आणि राहायला जागा नाही म्हणून तुमच्या लोकांनी पूर्वी केलं तेच त्यांनीही केलं. वर काळ्या दगडाची अखंड शिळा, खाली गेरूसारखा मऊ तांबडा थर. तो थर पहारीने कोरायचा, तोंडाला पत्र्याचं दार लावायचं, की झालं घर. उन्हाळ्यात आत गार वाटतं. पाऊस आत येत नाही. दादा नवव्या कपारीत आहे, तू ठेवून गेलास तिथंच.

गेल्या आश्विनात ठेकेदाराने नोटीस लावली, की खाण रुंद करायची आहे, कपारी महिन्याभरात रिकाम्या करा. सोबत ओव्हरसियरचं एक वाक्य होतं, की छताचा भरवसा धरता येत नाही. मी तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी जुन्नर-खेडच्या बाजूला होतो. कड्यावरून निरोप आला तसा धावत आलो. नोटीस वाचली आणि माझं डोकं तापलं. वीस वर्षं छताचा भरवसा होता आणि खाण रुंद करायची ठरल्याबरोबर तो संपला? मी म्हटलं, आधी चाळ बांधा, प्रत्येक घराला एक खोली द्या, मग माणसं हलतील. ही मागणी चूक नव्हती, सयाजी. आजही मी ती मागे घेत नाही. एकेचाळीस घरांना माळावर हाकलून द्यायचं आणि त्यांच्या चुलींवरून खडीच्या गाड्या न्यायच्या, हे पाप आहे असं मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पुढचं वाचताना हे लक्षात ठेव. मी माफी मागतो आहे ती मागणीबद्दल नाही.

लोक मात्र डगमगत होते. पाचजणांनी भांडी बांधली होती. घरं एकेक करून फुटली की संपलंच, हे मला माहीत होतं. आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं.

ते पत्र मला पाठ आहे. तुर्कस्तानात, अंकाऱ्याच्या विद्यापीठाने तुम्हा विद्यार्थ्यांना जुनी घरं मोजायला उर्गुप नावाच्या गावी नेलं होतं आणि तू तिथून लिहीत होतास. अख्खं गाव डोंगरात कोरलेलं. दगड इतका मऊ की लोखंडाच्या फाळाने खरवडता येतो. एकावर एक खोल्या, आतून जिने, हजार वर्षांपूर्वी कोरलेली प्रार्थनास्थळं, त्यांच्या भिंतींवर अजून न पुसलेली चित्रं. उंच सुळक्यांमध्ये पारव्यांसाठी कोनाडे. छपरावर वाळत घातलेली द्राक्षं. आणि तू लिहिलं होतंस, की हे बघायला परदेशी लोक जीपगाड्यांतून येतात, गळ्यात कॅमेरे, आणि त्या कोरलेल्या खोल्यांत मुक्काम करतात, वर नावाजतात. शेवटी होतं, की दादाला सांग, इथं आपला कडा आणला तर आपल्याला कुणी गरीब म्हणणार नाही, साहेब लोक दारात येऊन फोटो काढतील.

हे मी चंपाषष्ठीला कड्यावर वाचून दाखवलं. खंडोबाची तळी उचलून झाली होती, वांग्याचं भरीत आणि भाकरी खाऊन माणसं बसली होती. मी दगडावर उभा राहिलो. म्हटलं, हे कागदावर मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या गेनबाच्या पोराने लिहिलंय, जो याच तांबड्या मातीत रांगला आणि आज समुद्रापार घरं बांधायची विद्या शिकतो आहे. मग एकेक वाक्य वाचलं. वाचून झाल्यावर सोजराबाई म्हणाली, "म्हंजे सायबलोक मुद्दाम बिळात ऱ्हायाला येत्यात? आन् आपून बिळातनं जायाचं?" सोजराबाई म्हणजे पहिल्या कपारीतली ती म्हातारी, तू गेल्यावर बीडकडून आली. कड्यावरचं हळदीकुंकू, बाळंतपण, भांडण, सगळं तिच्या ओट्यावर. ती एकदा बोलली की सगळ्यांची वाचा फुटते. मागून कुणीतरी ओरडला, "आत्ये, तुझा फोटू काढला तर सायब परत न्हाई यायचा." हशा पिकला. त्या हशात मी ते हातात घेतलं, जे मी कधी घ्यायला नको होतं. मी म्हटलं, असं हसून चालणार नाही. बेलभंडारा उचला. एकेचाळीस घरांना खोल्या मिळेपर्यंत एकही घर कडा सोडणार नाही, अशी खंडोबाची आण घ्या.

तू मला ओळखतोस. गावोगावच्या पारावर उभा राहून मी शपथांची, नवसांची, अंगात येण्याची चामडी सोललेली आहे. भंडारा म्हणजे हळद, हळदीने भाजी होते, माणूस बांधला जात नाही, हे माझंच वाक्य. पण मला हे ठाऊक होतं की मी मानत नसलो तरी ते मानतात. अर्जावरचा अंगठा माणूस विसरतो. उचललेला भंडारा विसरत नाही. तो मोडला तर घरातल्या लेकराबाळांवर येतं, हे त्यांच्या हाडात आहे. मी विचार केला, की लढ्याला दोर हवा आणि हा दोर फुकट मिळतो आहे. सोजराबाईने ताट पुढे धरलं. पहिला हात घातला तो दादाने. ताठ उभं राहून म्हणाला, "गेनबाच्या घरचा भंडारा. कड्याबरुबर जगू, कड्याबरुबर मरू." हे मी त्याला शिकवलं नव्हतं. पण ते ऐकून मी खूश झालो, हेही लिहून ठेवतो.

आता दुसरं पान.

तुझ्या पत्राला दोन पानं होती, हे तुला सांगायला नको. मी वाचलं ते एकच. दुसऱ्यावर तू लिहिलं होतंस, की याच उर्गुपच्या एका आळीला सरकारने उठून जायला सांगितलं आहे, कारण डोंगर फुटतो आहे. बाहेरच्यांना सुंदर दिसतं, पण आतल्या म्हाताऱ्या बायका भिंतीकडे बघत जेवतात. तू तिथं एक तबेला पाहिलास, जो तुमच्या येण्याच्या आदल्या महिन्यात बसला होता. आणि तू दादासाठी म्हणून मुद्दाम समजावून लिहिलं होतंस: छत वाजवून बघू नका, छत शेवटपर्यंत खणखणीतच वाजतं. माथा शाबूत असतो, पाय जातात. वरची शिळा ज्या मऊ थरावर बसली आहे तो थर चेपतो, सरकतो, आणि मग शिळा एकाच वेळी खाली येते. तिथले लोक भेगेवर चुन्याची पट्टी लिंपतात, तिच्यावर तारीख घालतात. पट्टी तडकली की सामान बांधतात. आपल्याकडे कोरलेल्या कपारींतही दादाला अशा पट्ट्या लावायला सांग, असं तू लिहिलंस. शेवटची ओळ होती: उद्धव, हे पान तू स्वतः वाचून दाखव, तुझं ऐकतात.

चंपाषष्ठीच्या सकाळी मी ते पान आंघोळीच्या बंबात घातलं. कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मी स्वतःला सांगितलं, की उर्गुपचा दगड वेगळा, आपला वेगळा, सयाजी पुस्तकी भीती घालतो आहे. सांगितलं, की लढा जिंकू दे, दोन महिन्यांत खोल्या मिळतील, मग कशाला पट्ट्या. माणूस दुसऱ्यांना पटवता पटवता स्वतःला पटवायला किती तयार होतो, हे मी चाळीस वर्षांच्या वयात शिकलो.

मंजुळेने ते पान त्याआधीच वाचलं होतं. मला ते माहीत नव्हतं. बंबातून बाहेर पडलेला जळका कोपरा तिने चिमट्याने उचलून परत आत टाकला आणि एवढंच विचारलं, "पाणी फारच कडक तापवायचं होतं वाटतं?" पण बुधवारी दुपारी ती कड्यावरच्या बायकांना अक्षरं शिकवायला जाते, तेव्हा पाटीच्या पिशवीतून चुना घेऊन जाऊ लागली. प्रत्येक कपारीत मागच्या भिंतीवर जिथं भेग दिसेल तिथं वीतभर पट्टी लिंपायची आणि वर कोळशाने तारीख. बायका हसायच्या. "मास्तरीणबाई, भितीला ताप आला का?" मंजुळा म्हणायची, "नाडी बघतेय." त्यांना ते आवडलं. त्या एकमेकींच्या भिंतीची नाडी विचारू लागल्या.

पौषात एकही पट्टी तडकली नाही. मी मनात म्हटलं, बघ सयाजी. माघात दोन तडकल्या. मंजुळेने नव्या लावल्या. आठ दिवसांत सात तडकल्या. त्या दिवशी ती घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसून तुझं दुसरं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी चप्पल घातली आणि कड्यावर गेलो.

मला जे दिसलं ते तिथले लोक रोज बघत होते आणि कुणी बोलत नव्हतं. भाकरीवर तांबडी भुकटी पडते, ती फुंकून खातात. मुलांच्या केसांत सकाळी गेरू दिसतो. अकराव्या कपारीचं पत्र्याचं दार महिन्यापूर्वी सहज लागायचं, आता चौकट दाबली गेल्यामुळे लागत नाही, म्हणून काढून बाजूला ठेवलंय. एका कपारीत जमिनीवर ठेवलेल्या परातीतलं पाणी एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. मी विचारलं, हे कधीपासून? ती बाई पदर सावरत म्हणाली, "परात वाकडी आसंल." परात वाकडी नव्हती. तिला ते माहीत होतं. सयाजी, एकेचाळीस घरांपैकी प्रत्येक घर घाबरलेलं होतं आणि प्रत्येक घर दुसऱ्याच्या आधी निघायला तयार नव्हतं. पहिला जो निघेल तो आण मोडणार. त्याच्या पोरांवर येणार. मी लावलेला दोर उत्तम धरून होता.

मी ओव्हरसियरकडे गेलो. तो बिचारा सज्जन माणूस. त्याने कपाटातून एक अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. पौषात कलेक्टरांना मी केलेला. त्यात माझ्या हस्ताक्षरात होतं, की सदर छत पूर्णपणे भक्कम असून तुर्कस्तानातील उर्गुप येथील जगप्रसिद्ध वस्तीचा दाखला पाहावा. तो म्हणाला, "तुम्हीच आम्हाला पटवलंत हो." पण त्याने सुरुंग बंद केले. गेल्या बुधवारपासून कड्यावर एकही सुरुंग उडालेला नाही. आणि तरीही पट्ट्या तडकताहेत. हे मला सगळ्यांत जास्त भिववतं. सुरुंग उडत होते तोवर कुणाला तरी शिव्या देता येत होत्या. आता तिथं कुणीच काही करत नाही आणि डोंगर आपला आपण चालला आहे.

महाशिवरात्रीला मी पुन्हा त्याच दगडावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दुसरं पान सांगितलं, बंब सांगितला. म्हटलं, मी खोटं बोललो, बाहेर पडा. आयुष्यात इतकं खरं भाषण मी केलं नसेल आणि इतकं कुणी न ऐकलेलंही. माझी स्वतःचीच वाक्यं मला परत आली. "कोन सांगतंय छत पडतंय? ठेकेदार! परवा तुमीच म्हनलासा." एक पोरगेलासा गडी म्हणाला, "राव, किती दिलं ठेकेदारानं? आमाला बी सांगा, वाटून घिऊ." कुणी म्हणालं, "पान दावा." पान कुठं होतं दाखवायला? दादा उठला. हातोडी घेऊन छतावर ठोकत सगळ्या कपारींतून फिरला. छत घंटेसारखं वाजलं. तू लिहिलं होतंस तसंच. तो परत येऊन म्हणाला, "माझ्या बापानं ह्या कानानं दगुड ओळखाय शिकिवलाय. दगुड खोटं बोलत न्हाई, उद्धवा. मानूस बोलतंय." यात माझा अपमान करायचा त्याचा हेतू नव्हता. त्याला वाईट वाटत होतं माझ्यासाठी.

त्या रात्री सोजराबाईच्या कपारीत ढेकूळ निसटून तिच्या पोथीच्या कोनाड्यावर पडलं. सकाळी ती स्वतः आमच्या घरी आली. म्हणाली, "बाबा, खरं-खोटं तुझ्यापाशी. पर लोकांला निघायचं हाय. निघू दे त्यांला." मी म्हटलं, मग निघा की. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी एखाद्या अडाण्याकडे बघावं. मग तिने समजावलं. उचललेला भंडारा खाली ठेवता येत नाही. पण ज्याने उचलायला लावला त्याच्या कपाळी तो परत लावता येतो. मग मोडल्याचं जे काही येईल ते त्याच्या घरावर येतं, बाकीचे मोकळे. "लावून घेशील का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "घाई करू नगंस. घरात लेक हाय तुझी." आमची यशू सात वर्षांची आहे. त्या दिवशी ती गोवराने अंथरुणावर होती, आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. आणि सयाजी, पुरोहितांना, भगतांना, देवऋषींना भर सभेत पाणी पाजणारा मी, एका चिमूटभर हळदीसमोर आतल्या दाराकडे बघत उभा राहिलो. मंजुळा आतून बाहेर आली, तिने माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि म्हणाली, "जा."

रविवारी दुपारी मी कड्यासमोर खाली मान घालून उभा राहिलो. प्रत्येक घरातला कर्ता माणूस आला, ताटातली हळद माझ्या कपाळाला लावली आणि मागे वळून आपलं सामान उचलायला गेला. काहीजण रडत होते. मला किती मिळाले विचारणारा तो गडी माझ्या पाया पडला आणि मला त्याला थांबवता आलं नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत चाळीस घरं चिखलीच्या गायरानात ताडपत्र्यांखाली होती. मागणी कायम आहे, अर्ज नव्याने लिहिला आहे, ओव्हरसियरने त्यावर शेरा मारला आहे. चाळीस, सयाजी. एकेचाळीस नव्हे.

दादाने हळद लावली नाही. ताट त्याच्यापुढे आलं तेव्हा त्याने हात मागे घेतला. मला वाटलं, छताच्या आवाजाचं बोलेल. तो म्हणाला, "उद्धवा, बाकीच्यांचं मी काय म्हनत न्हाई. पर तुजी पोरगी तापानं फणफणलीय. तिच्या जिवावर मी माझी आण सोडवून घिऊ? गेनबाच्या घरात आसं झाल्यालं न्हाई." मी हात जोडले. म्हटलं, दादा, मी हे मानत नाही, माझ्या पोरीला काही होत नाही. तो म्हणाला, "तू मानत न्हाईस, मी मानतो. मग लावनारा मी, पाप कुनाचं?" मंगळवारी चारजण त्याला उचलून आणायला गेले, तर तो दारात पहार आडवी घेऊन बसला होता. शिव्या दिल्या नाहीत. चहा पिणार का, असं विचारलं. वहिनी म्हणतात, "त्ये आत हायत तर म्या भाईर कशी ऱ्हाऊ?" पोलीसपाटील म्हणतो, स्वतःच्या घरात बसायला कायद्याची मनाई नाही. काल दिवस मावळताना मी नवव्या कपारीत गेलो. मंजुळेने सकाळी लावलेली पट्टी दोन ठिकाणी तडकली होती. भेगेत माझं बोट गेलं. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर भुकटी अशी पडत होती जशी चाळणीतून पडावी. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. दादाने छतावर हातोडी मारून दाखवली. वाजलं.

सोजराबाईने मला आणखी एक सांगितलं आहे आणि त्यासाठी हे पत्र आहे. एका चुलीचं एका चुलीतच फिरवता येतं. दादाचा भंडारा बाहेरच्या कुणाच्या कपाळी न लावता त्याचा सख्खा भाऊ घेऊ शकतो. आण घरातल्या घरात राहते, परक्याच्या लेकराला धक्का लागत नाही. भाऊ समोर नसला तरी चालतं, त्याने स्वतः शब्द पाठवायला हवा. दादाने ते ऐकलं आणि म्हणाला, "सयाजीचा शबुद आला तर निघंन. त्याला पोरंबाळं न्हाईत, त्यो माझा हाय." पण तू मंजुळेला लिहिलं होतंस, की मार्चभर तू पुन्हा उर्गुपच्या बाजूला मोजणीवर असशील आणि पत्रं महिन्याअखेरीस अंकाऱ्याला परतल्यावर मिळतील. मी तार केली तर ती तिथं पडून राहील. कड्याला महिनाअखेर ठाऊक नाही. म्हणून पोस्ट उघडल्याबरोबर मी तारेचा एक कोरा कागद मागून घेणार आहे, त्यावर मंजुळा तिच्या अक्षरात लिहील, "दादा, तुझा भंडारा मी घेतला, बाहेर पड, सयाजी", आणि दहाच्या आत मी तो नवव्या कपारीत वाचून दाखवीन. तुझ्या नावावर मी एकदा खोटं बोललो, लोक आत राहावेत म्हणून. आज दुसऱ्यांदा बोलणार आहे. तो बाहेर येईल की नाही, वेळेत येईल की नाही, मला माहीत नाही. पण तो आला, आणि पुढे कधी त्याने तुला विचारलं, तर तू नाही म्हणू नकोस. तू नाही म्हणालास, तर न सुटलेली ती आण त्याला पुन्हा कड्याखाली नेऊन बसवील. आणि नुसतं हो लिही असंही मी म्हणत नाही. तुझ्याकडून खोटं मागायचा हक्क मी बंबात घातला. हे वाचून झालं की खरोखरच घे. तिथं हळद मिळत नसेल तर त्या डोंगराची चिमूटभर माती कपाळाला लाव आणि दादाचं आपल्यावर घेतलं म्हण. तुला-मला त्यात काही नाही असं वाटेल; मलाही यशूचं कण्हणं ऐकू येईपर्यंत तसंच वाटत होतं. मग दादाला चार ओळी लिही, की घेतला. फक्त पत्रावर तारीख आजची, अकरा मार्चची घाल.

तुझाच, तुझ्या नावाचा अपराधी,
उद्धव